चाकांचा आवाज आणि त्याचे निदान
रायपूरहून नागपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून मोटार जात असता चाकांतून अखंड घरघर ऐकू येऊ लागली, तर तिचे कारण कसे शोधावे? रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज पालटला, तर तो बहुधा टायरांचा समजावा. त्यांची झीज असमान आहे काय, ते पाहावे. पृष्ठभाग बदलूनही घरघर तशीच राहून केवळ वेगाबरोबर वाढत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी आवाज वाढल्यास दोष बहुधा उजवीकडे असतो. मग गाडी सपाट जागी जॅकने उचलून, खाली भक्कम टेकू देऊन चाक हाताने फिरवावे. खरखर जाणवली वा चाक डुलले, तर कुशल मिस्त्रीकडून त्वरित तपासणी करवावी. निकामी बेअरिंगची उपेक्षा केल्यास धावत्या गाडीचे चाक निखळण्याचा संभव असतो.