ग्रामसभा आणि संगणक : लोकसहभागाचा एक विचार

लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा केलेले मतदान नव्हे. दोन निवडणुकांमधील काळात कारभारावर लक्ष ठेवणे व निर्णयात भाग घेणे हेही नागरिकाचे कर्तव्य होय. त्यासाठी संगणक व मोबाईल ही नवी साधने आता हाती आली आहेत. परभणीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात त्यांचा उपयोग कितपत होऊ शकतो, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. परंतु हिशेब पंचायतीच्या कपाटात राहिला, तर सभासदाने बोलावयाचे कशाच्या आधारावर?

ही अडचण काही अंशी दूर झाली आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत निवडली की वार्षिक विकास आराखडा व झालेला खर्च पाहावयास मिळतो. मग गाव जिंतूर तालुक्यातील असो वा पालम तालुक्यातील. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील पंचायत अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. तेव्हा ‘आमच्या गावी पाण्यावर किती खर्च झाला?’ हा प्रश्न कोणीही आकड्यांनिशी विचारू शकतो.

तथापि संगणक भरलेली माहितीच दाखवितो. नळदुरुस्तीचा खर्च नोंदलेला असेल आणि नळ कोरडा असेल, तर ही विसंगती गावकऱ्यालाच दिसणार. अशा वेळी १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू असलेल्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. १० रुपये शुल्क भरून बिलाची व मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. त्यावर सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. गंगाखेड, सोनपेठ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. २६ जानेवारीची सभा भरते तेव्हा ती फडात असतात. मोबाईलवर त्यांना गावचा हिशेब दिसेल. पण सभेत त्यांचा हात वर होणार नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तर तोही दिसत नाही. म्हणजे ज्यांना कारभाराची झळ अधिक, तेच बाहेर राहतात.

म्हणून साधन नवे असले तरी सभा जुनीच हवी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाचा खर्च कागदावर उतरवून घ्यावा, सभेपूर्वी वस्तीवस्तीवर वाचून दाखवावा आणि बाहेरगावी गेलेल्यांचे प्रश्न फोनवरून लिहून घेऊन सभेत मांडावेत. पडद्यावरचा आकडा चावडीवर उच्चारला गेला, तरच त्याला लोकसहभाग म्हणता येईल.