ब्रेक ऑइल कोणतं टाकायचं? गॅरेजवाल्यांसाठी

आजचा धडा ब्रेक ऑइलचा. आपण सगळे ऑइल म्हणतो खरं, पण बहुतेक गाड्यांत ते तेल नसतंच. ते ग्लायकॉलवर बनलेलं फ्लुइड असतं. नावाला फसून नवा पोऱ्या त्यात इंजिन ऑइल ओततो, आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळी रबरं फुगतात. तो खर्च कोणाच्या खिशातून जातो, सांगायला नको.

आधी टाकीचं झाकण वाचा. त्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. दुकानदाराचं मत त्यानंतर.

हा आकडा मुख्यतः उकळण्याचा दर्जा सांगतो. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण धंद्याच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० आणि १५५ वर येते. आता पावसाळ्यात गाडी आंबा घाट उतरतेय, ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवर. कॅलिपर तापला, आतलं पाणी उकळलं, वाफ झाली. वाफ दबते, त्यामुळे पेडल तळाला जातं. पॅड कालच बदललेले असले तरी!

डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. नावं ठेवणाऱ्याने घोळच घातलाय. एबीएसच्या काही नव्या गाड्यांना पातळ, म्हणजे एलव्ही जातीचं डॉट ४ लागतं. मॅन्युअल बघा.

स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा घेता, अर्धा वापरून रॅकवर ठेवता. कोकणात तर तो डबा ओलावा पिऊनच बसतो. छोटे डबे घ्या, उघडल्याची तारीख मार्करने लिहा, जुना उरलेला टाकून द्या.

फ्लुइड बदलणं आणि ब्लीडिंग बिलात वेगळ्या ओळीत लावा. मॅन्युअलमध्ये मुदत वेगळी नसेल तर दोन वर्षांनी गिऱ्हाइकाला फोन करा. नुसता रंग दाखवून पैसे मागू नका, रंगावरून पाणी कळत नाही. टेस्टर लावून दाखवा.

आणि हो, पेंटवर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. रंग उचलतं ते.