तणनाशकातील आम्ल, क्षार व एस्टर

२,४-डी हे तणनाशक बाजारात तीन नावांनी मिळते: सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथिल एस्टर. मूळ औषध एकच असल्याने यांपैकी कोणतेही घेतले तरी चालेल, अशी अनेकांची समजूत असते. कपाशीच्या मुलखात ही समजूत फार महाग पडते.

चिंच, लिंबू व शिरका यांचा आंबटपणा ज्या अणुगटामुळे येतो, त्यात एक कार्बन, दोन ऑक्सिजन व एक हायड्रोजन असे चार अणू असतात. हा गट असलेल्या पदार्थास कार्बोक्सिलिक आम्ल म्हणतात. २,४-डी हे याच कुळातील आम्ल होय. परंतु ते मूळ रूपात पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून कारखान्यात त्याचे रूप पालटतात. आम्लाचा अल्कलीशी संयोग झाला म्हणजे क्षार तयार होतो, तो पाण्यात विरघळतो. आम्लाचा मद्यार्काशी संयोग झाला म्हणजे एस्टर बनतो. पिकलेल्या केळ्याचा वास अशाच एका एस्टरचा असतो. शेंगदाण्याचे तेल हेसुद्धा स्निग्धाम्ले व ग्लिसरीन यांचे एस्टरच आहे.

तेलाशी असलेले हे नाते लक्षात घेतले म्हणजे एस्टरचे गुणदोष आपोआप उलगडतात. तणाच्या पानावर मेणासारखा थर असतो. पाण्यात विरघळलेला क्षार त्यातून सावकाश आत जातो, तर एस्टर त्वरेने शिरतो. त्यामुळे फवारणीनंतर लवकरच पाऊस आला तरी त्याचे काम सहसा वाया जात नाही. विहिरीचे पाणी जड असल्यास त्यातील चुन्याशी क्षाराचा संयोग होऊन साका बसतो व पंपाची तोटी तुंबते. एस्टरला ही अडचण नाही. पानात शिरल्यावर एस्टर फुटून पुन्हा मूळ आम्ल होते व तेच तणाला मारते.

केळ्याचा वास जसा दूरवर येतो, तसाच इथिल एस्टरही उडून जातो. उन्हाच्या तापात, फवारणी संपून कित्येक तास लोटल्यावरही, जमिनीवरून व पानांवरून त्याची वाफ उठते आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जाते. क्षाराची वाफ जवळजवळ होत नाही. मात्र वारा असल्यास त्याचेही बारीक तुषार उडून जातात, हे विसरू नये.

कपाशी, द्राक्ष व टोमॅटो यांना या औषधाचा अत्यल्प अंशही बाधतो. कपाशीची नवी पाने अरुंद होतात, शिरा जवळजवळ येतात, कडा बोटांसारख्या लांबतात आणि पान भेंडीच्या पानासारखे दिसू लागते. पुष्कळदा हा रोग समजून त्यावर दुसरेच औषध मारले जाते. त्याचा उपयोग होत नाही. ग्रामसेवकांनी असे झाड दिसताच आसपास गहू, ज्वारी वा उसात कोणती फवारणी झाली, याची आधी चौकशी करावी. शेजारी अशी पिके उभी असतील तर एस्टर वापरूच नये. क्षार वापरणेही वारा पडलेला असतानाच व अंतर राखूनच योग्य. वेष्टनावर ‘इथिल एस्टर’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात. खरेदी करताना ते दुकानदाराकडून वाचून घ्यावेत.

हराळीसारख्या गवतवर्गीय तणांवर यांपैकी कोणतेच रूप उपयोगी पडत नाही, म्हणून त्यासाठी पैसे खर्चू नयेत.

राहता राहिला पंप. एस्टर तेलकट असल्याने रबरी नळीत मुरून राहतो व साध्या पाण्याने निघत नाही. तेलात कॉस्टिक सोडा घालून उकळले असता एस्टर फुटून साबण बनतो. तीच क्रिया येथे मंदपणे घडवून आणता येते. पंप प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाकीत व नळीत रात्रभर भरून ठेवावे. एस्टर फुटून विरघळणारा क्षार होतो व सकाळी स्वच्छ पाण्याने पुष्कळसा निघून जातो. हे धुणवळ विहिरीजवळ किंवा पाटात ओतू नये. इतके करूनही कपाशीसाठी तो पंप वापरणे धोक्याचेच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवून त्यावर रंगाची खूण करावी.