एका अक्षरासाठी अडलेला पासपोर्ट

आईच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि धाकट्या बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीत व्हायचं होतं. अमेरिकेचा व्हिसा जुन्याच पासपोर्टात, अजून चालू असलेला. बरेच देश पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी असं म्हणतात, म्हणून वेळेत अर्ज भरला, १५०० रुपये शुल्क भरलं, अपॉइंटमेंट घेतली. गाडी अडली ती बाबांच्या नावाशी. पासपोर्टवर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय'. इंग्रजीत फक्त एका 'ए'च्या जागी 'ई'. पॅनवर तर नुसता 'डी'. आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचं नाव येतं, तेव्हा त्याचं स्पेलिंग हा तिच्याच नावाचा भाग ठरतो. ज्याने त्याने कानाला आलं तसं टाइप केलेलं असतं आणि वर्षानुवर्षं त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

पासपोर्ट सेवा केंद्रात अ, ब आणि क असे तीन टप्पे असतात. पहिल्या खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन होतात. दुसऱ्या खिडकीवर अधिकारी मूळ कागद तपासतात. आमची फाइल तिथेच थांबली. त्यांनी आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मावशी, हे जुळत नाही. आधार दुरुस्त करून आणा, नाहीतर नावात बदल म्हणून अर्ज करा."

बाहेर एजंट उभेच होते. एकाने प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आणि शासन राजपत्र असा सगळा पाढा वाचला आणि रक्कम सांगितली. आई घाबरली. मला राग आला, कारण वयस्कर माणसांच्या भीतीवरच हा धंदा चालतो. डिसेंबर २०१६ च्या नियमांनंतर पासपोर्टच्या अर्जासोबतची परिशिष्टं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने देता येतात; त्यांना नोटरीचा शिक्का लागत नाही. राजपत्र लागतं ते खरोखर नाव बदलायचं असेल तेव्हा. आईला नाव बदलायचंच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कागदांमध्ये तफावत असेल तर पासपोर्टला हात लावू नका, बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. व्हिसा, विमानाचं तिकीट, परदेशातल्या मुलांनी भरलेले अर्ज, सगळं पासपोर्टवरच्या नावाला बांधलेलं असतं. आधारमधलं नाव मात्र दुरुस्त होतं. तेही आयुष्यात दोनदाच, त्यामुळे केंद्रावरून उठण्याआधी पडद्यावरचं स्पेलिंग आणि पावती दोन्ही वाचा. आम्ही आधार दुरुस्त केलं आणि पुढचा रस्ता मोकळा झाला.

अर्ज भरताना घोळ होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. आपण ज्याला नूतनीकरण म्हणतो ते तिथे 'री-इश्यू' असतं. 'फ्रेश' निवडू नका. नावासाठी दोनच रकाने असतात: 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, 'सरनेम'मध्ये फक्त आडनाव. जुन्या पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर उतरवा. मुदत संपून तीन वर्षं होऊन गेली असतील तर कारणाचा पर्याय वेगळा आहे. पत्ता बदलला असेल तर तपशिलातला बदल म्हणून तशी खूण करावीच लागते. आई साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला आली होती, म्हणून आम्ही ती केली. मग पोलीस पडताळणी आली, पण तिला घाबरण्यासारखं काही नसतं. फक्त त्या दिवसांत माणूस त्या पत्त्यावर राहत असला पाहिजे आणि मूळ कागद हाताशी हवेत. मुलाकडे महिनाभर, मुलीकडे महिनाभर अशी फिरती असेल तर ती पडताळणीनंतर ठेवा.

कोणते कागद लागतील हे शेजाऱ्यांना विचारू नका, कारण प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. सरकारी संकेतस्थळावर 'डॉक्युमेंट ॲडव्हायझर' आहे. तुमचं कारण निवडलं की तुमच्यापुरती यादी मिळते, फुकट. शंका राहिली तर १८००-२५८-१८०० हा टोल-फ्री क्रमांक आहे. संकेतस्थळाचा पत्ता मात्र नीट पाहून घ्या, शेवटी 'जीओव्ही डॉट इन' हवं. सारख्या नावाची, सारख्या रंगांची खोटी संकेतस्थळं पैसे उकळायला टपलेली आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्याबद्दल सावध केलेलं आहे.

पुन्हा गेलो तेव्हा पहिल्या खिडकीवरच्या मुलीने पडदा आईकडे वळवला आणि म्हणाली, "आजी, सगळं वाचून सांगा." आईने चष्मा लावला आणि बाबांचं नाव एकेक अक्षर उच्चारत वाचलं. मागे रांग होती, तरी तिने घाई केली नाही. हे प्रत्येकाने करावं. पडद्यावर दिसतं तेच पुस्तिकेत छापून येतं आणि तिथे सुटलेली चूक काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो टाकून देऊ नका. त्यातला व्हिसा चालू असेल तर तो नव्या पासपोर्टबरोबर वापरता येतो. प्रवासात दोन्ही पुस्तिका हातातल्या पिशवीत ठेवायच्या, सामानाच्या बॅगेत नाही. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी येतो. आल्या दिवशीच नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव जुन्याशी, तर पत्ता अर्जाशी ताडून पाहा, आणि पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा.