गिटारसाठीं व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कसा निवडावा?

इंद्रायणीकांठच्या आमच्या चऱ्होलींत टाळमृदंगाचा नाद कोणास नवा नाहीं. आतां एखाद्या घरांतून विजेच्या गिटारचा स्वरही कानीं पडतो. तिला ध्वनिवर्धक कोणता घ्यावा, हा प्रश्न मुलाच्या हौसेचा तितकाच पालकांच्या पैशाचाही आहे. म्हणून त्याचा थोडा शास्त्रीय विचार येथें करूं.

ज्या उबदार स्वराची पुष्कळांना ओढ असते, तो ब्लूज संगीताचा होय. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय श्रमिकांमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें गाणें उदयास आलें. आपल्या मींडेप्रमाणें त्यांतही तार ओढून स्वर चढवितात. इ. स. २०११ सालीं मुंबईंत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत महिंद्र ब्लूज महोत्सव प्रथम भरला, तेव्हां शिकागोचे विख्यात वादक बडी गाय यांचें वादन तेथें झालें.

या स्वराला ऊब कोठून येते? व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्यांतील तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धांवतात; मधली जाळी त्यांना आवरते किंवा वाट देते. गिटारचा क्षीण विद्युत्संकेत या जाळीवर आला, कीं प्लेटच्या प्रवाहांत त्याची मोठी प्रतिकृति उमटते. परंतु तार जोरानें छेडली व व्हॉल्व्हची मर्यादा आली, म्हणजे लहरीचा माथा हळूहळू दबून गोल होतो आणि मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात. साध्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत तोच माथा बहुधा एकदम कापला जातो व आवाज कर्कश होतो. तंबोऱ्याच्या तारेखालीं जवारीचा दोरा नीट बसला, कीं उपस्वर खुलून नाद भरदार होतो, हें आपण जाणतोंच. येथेंही महत्त्व उपस्वरांचेंच आहे.

यावरून निवडीचा मुख्य नियम निघतो. व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेजवळ चालला, तरच ही ऊब येते. ५० वॅटचें यंत्र लहान खोलींत तेथपर्यंत नेलें, तर शेजाऱ्यांस घर सोडावें लागेल! शिवाय शक्ति दसपट झाली तरी आवाज कानास सुमारें दुप्पटच वाटतो. म्हणून घरासाठीं ५ वॅट व लहान सभागृहासाठीं सुमारें १५ वॅट पुरेसे आहेत. फेंडर कंपनीचें एका ६व्ही६ व्हॉल्व्हचें, सुमारें ५ वॅटचें चॅम्प हें यंत्र मुळांत शिकाऊंसाठीं होतें. पुढें नामांकित वादकांनींही तें ध्वनिमुद्रणांत वापरलें.

दुकानांत जातांना आपलीच गिटार न्यावी. तार हलक्या हातानें छेडली असतां स्वर स्वच्छ, व जोरानें छेडली असतां दाट होतो कीं नाहीं, हें पाहावें. कर्णा शक्य तर १० किंवा १२ इंचांचा असावा. लहान कर्ण्यांत खर्ज भरत नाहीं. व्हॉल्व्ह झिजतात, तेव्हां ते बदलण्याचा खर्चही आधींच हिशेबांत धरावा.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे. १२० व्होल्टचें अमेरिकन यंत्र तिला थेट जोडल्यास जळून जाईल. जमिनीशीं जोडलेली तीन खिळ्यांचीच पिन वापरावी. कर्ण्याची तार काढून यंत्र कधींही चालवूं नये. यंत्राच्या आंत तीनचारशें व्होल्टांचा दाब असतो, व बटण बंद केल्यावरही तो कांहीं काळ साठून राहतो. त्याचा धक्का प्राण घेऊं शकतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं यंत्राची पाठ स्वतः कदापि उघडूं नये. तें काम जाणत्या कारागिराचेंच होय.

पालकांस एवढेंच सुचवितों, कीं पैसा बेताचा असेल किंवा शेजार भिंतीला भिंत लागून असेल, तर आरंभीं कानाला लावून ऐकण्याची सोय असलेलें साधें यंत्र घ्यावें. एकदोन वर्षांच्या नियमित रियाजानें मुलाचा हात वळला व कान तयार झाला, म्हणजे लहानसा, पण चांगला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणावा. तेव्हां त्याची पारख मुलगा स्वतःच करूं शकेल.