अभ्यास परीक्षेपुरता, की आयुष्यभराचा?



बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरी दार लोटून घेतले जाते. पण महिना-दोन महिन्यांनी दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच घडते. वह्या-पुस्तके पोत्यात बांधून रद्दीवाल्याला दिली जातात आणि ‘सुटलो एकदाचे’ असा सुस्कारा टाकला जातो. आजच्या पाठात आपल्याला या सुस्काऱ्याचाच विचार करायचा आहे. एवढी वर्षे शाळेत काढून शिकण्याची सवय आपल्याला खरोखर लागली होती का? आणि लागली नसेल, तर ती आता लावता येईल का?

१. आपल्या दाराशी असलेले उदाहरण

‘लातूर पॅटर्न’ हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकारी प्राध्यापकांनी तेथे जी शिस्त घालून दिली, तिच्यातून हा पॅटर्न आकाराला आला. पुढे लातुरातील इतर महाविद्यालयांनी आणि शिकवणी वर्गांनीही ती पद्धत उचलली. ज्या भागाला मागासलेला म्हणून हिणवले जात होते, त्या भागातील शेतकऱ्यांची आणि छोट्या नोकरदारांची मुले डॉक्टर, इंजिनिअर होऊ लागली.

या पॅटर्नमध्ये जादू कोणतीच नव्हती. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, जादा तास घ्यायचे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा चाचण्या घ्यायच्या आणि कुठे चुकले ते विद्यार्थ्याला दाखवून द्यायचे. थोडक्यात, रोजची सवय लावायची.

चाचणीचे महत्त्व पुढे प्रयोगांतूनही दिसून आले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला आणि नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ४०. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वाचताना ‘मला येते’ असे वाटते, पण खरोखर काय येते ते पुस्तक मिटल्यावरच कळते.

मग अडते कुठे? शिस्तीची घंटा दुसरा कोणीतरी वाजवत असतो. वेळापत्रक सरांचे, चाचणी क्लासची, धाक आईवडिलांचा. परीक्षा संपली की घंटा थांबते आणि घंटेबरोबर अभ्यासही थांबतो. यात शिक्षकांचा दोष नाही. परीक्षेची तयारी करून घेणे हे त्यांचे काम, ते त्यांनी केले. घंटा आपल्या हातात घेणे हे मात्र आपले काम आहे, आणि बहुतेक घरांत ते कोणी शिकवत नाही.

२. सवय म्हणजे नेमके काय?

भाकरी थापायला आपल्या आया-बहिणींपैकी कोणीही पुस्तकातून शिकलेले नाही. पहिल्या भाकरीला भेगा पडल्या, दुसरी परातीतच मोडली, तिसरी तव्यावर करपली. करता करता हाताला कळले की पीठ किती मळायचे आणि पाणी किती लावायचे. आज त्याच हातांना विचार करावा लागत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी सद्गुणांबद्दल हेच सांगितले. बांधकाम करून माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाने वागत वागत तो न्यायी होतो.

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हा विचार पुढे नेला. सवयीविषयी त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, सवय कृतीने वाढते, नुसत्या इच्छेने नाही. दुसरी, कृती थांबली की सवय हळूहळू क्षीण होते. वापर नसलेल्या पायवाटेवर गवत उगवते, तसेच हे आहे. तिसरी गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक कृतीने सवय वाढतेच असे नाही. मन न घालता, उरकून टाकलेल्या कृतीने उलट ती ढिली पडते. म्हणून डोळे दूरदर्शनवर आणि हात पुस्तकावर ठेवून दोन तास बसणे यापेक्षा मन लावून वीस मिनिटे बसणे चांगले.

मराठी भाषेनेही हे शहाणपण एका शब्दात साठवले आहे. ‘अभ्यास’ म्हणजे पुस्तक वाचणे आणि ‘अभ्यास’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो.

३. शिकणे हाही एक संयम आहे

संत थॉमस यांनी अभ्यासूवृत्तीला सद्गुण मानले आणि तिची जागा संयमाच्या घरात ठेवली. प्रथम ऐकताना हे नवल वाटते. खाण्यापिण्यात संयम हवा हे आपल्याला कळते, पण शिकण्यात संयम कशाला?

त्यांचे म्हणणे असे की, मनाला जाणून घेण्याची भूक असते आणि ती कोणत्याही भुकेसारखी भरकटू शकते. जे हाती येईल ते बघायचे, ज्याच्याशी आपला संबंध नाही ते खोदत बसायचे आणि जे शिकणे आपले कर्तव्य आहे ते बाजूला टाकायचे, याला ते दोष मानतात. दुसरीकडे आपले शरीर कष्टाला कंटाळते, त्याला मात्र पुढे ढकलावे लागते. म्हणजे शिकणाऱ्याला लगामही हवा आणि चाबूकही.

सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे बोल आजच्या मोबाइलला जसेच्या तसे लागू पडतात. रात्री जेवण झाल्यावर ‘पाच मिनिटे बघतो’ म्हणून फोन हातात घ्यावा आणि तासाभराने ठेवावा. या तासात काय पाहिले ते विचारले तर सांगता येत नाही. ही भूक वाईट नाही. ती शिकण्याचीच भूक आहे, फक्त तिला उष्ट्यावर पोट भरण्याची सवय लागली आहे.

४. ‘आता या वयात काय शिकायचे?’

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण सहज वापरतो. म्हण खोडीपुरती खरी असेलही. पण तिचा आधार घेऊन ‘आमचे वय झाले’ असे म्हणणे बरोबर नाही.

लोयोलाचे संत इग्नेशियस सरदार घराण्यातले होते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. त्यानंतर त्यांचे आयुष्य पालटले आणि लोकांच्या उपयोगी पडायचे तर शिकले पाहिजे हे त्यांनी ओळखले. १५२४ साली, वयाच्या सुमारे ३३व्या वर्षी, ते बार्सिलोनात लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवायला बसले. पाठांतर करू लागले की त्यांच्या मनात इतके सुंदर आध्यात्मिक विचार येत की धडा बाजूलाच राही. त्यांनी स्वतःची तपासणी केली. हे विचार प्रार्थनेच्या वेळी येत नाहीत, अभ्यासाच्या वेळीच कसे येतात? म्हणजे ही अभ्यास टाळण्याची पळवाट आहे. मग त्यांनी आपल्या शिक्षकांना गाठून सारे सांगितले आणि वचन दिले की, भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर पुढची दोन वर्षे तुमचा तास चुकवणार नाही. अकरा वर्षांनी, १५३५ साली, ते पॅरिसच्या विद्यापीठाचे एम. ए. झाले.

आणखी जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले आहे. फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने ती उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन, दुपारी घरचे आवरून पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. त्यांना कोणती नोकरी मिळवायची नव्हती की गुणपत्रिका दाखवायची नव्हती. अंगठ्याच्या जागी आपल्या हाताने आपले नाव लिहायचे होते. कोणत्याही घंटेच्या धाकाशिवाय शिकणे म्हणजे काय, ते या आज्यांकडे बघून कळते.

५. सवय लावायची कशी?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. एखादी नवी कृती अंगवळणी पडायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले. पण कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ लागतील, इतका माणसामाणसांत फरक होता. म्हणून शेजाऱ्याशी तुलना नको. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर केलेले वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी परत आले म्हणजे झाले. हे लक्षात ठेवून पुढील गोष्टी करून पाहू या.

(अ) वेळ आधीच्या सवयीला बांधावी. ‘रोज वाचीन’ हे वचन हवेत राहते. ‘संध्याकाळी दिवे लागल्यावर, जेवायच्या आधी, वीस मिनिटे’ हे टिकते.

(आ) सुरुवात लहान असावी. थेंबे थेंबे तळे साचे हे आपल्या टंचाईच्या मुलखात वेगळे सांगायला नको. रोज दोन पाने वाचली तर वर्षाला सातशे पाने होतात.

(इ) मिटून आठवावे. रविवारचे प्रवचन घरी गेल्यावर एकमेकांना सांगून पाहावे. मुलांना ‘किती मार्क पडले?’ विचारण्याऐवजी ‘आज शिकलेले काय आठवते?’ असे विचारावे. ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही हा प्रश्न विचारता येतो, आणि मूल तिला समजावून सांगताना स्वतः पक्के शिकते.

(ई) आपल्या धंद्याची वही ठेवावी. पाऊस कधी पडला, पेरणी कधी केली, कोणते बियाणे वापरले, फवारणीला किती खर्च आला हे शेतकऱ्याने लिहून ठेवावे. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतात, सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. तो आकडाही वहीत जावा. पाच वर्षांची अशी वही म्हणजे त्या शेताचे पुस्तकच होईल, आणि ते दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

(उ) एका वेळी एकच. संत इग्नेशियस यांनी सांगितलेली रीत साधी आहे. सुधारायचा एकच दोष निवडावा. सकाळी त्याची आठवण ठेवावी. दुपारी आणि रात्री जेवणानंतर, किती वेळा चुकलो ते पाहून कागदावरच्या रेघेवर तेवढे ठिपके द्यावे. आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. स्वतःला शिव्या देत बसू नये, ठिपके मोजावे.

(ऊ) सोबती शोधावा. संत इग्नेशियसनाही आपले वचन कोणाला तरी सांगावेसे वाटले. शेजारच्या घरी, नवरा-बायकोत, आजी-नातवात अशी जोडी सहज जमते. नातवाने आजीला सही शिकवावी, आजीने नातवाला पाऊसपाण्याचे आडाखे सांगावेत.

ज्या मुलांना यंदा हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. पहाटे उठणे, सलग बसणे, चूक शोधून पुन्हा सोडवणे या ज्या सवयी तुम्हाला लागल्या, त्या निकालपत्रात छापलेल्या नसतात. त्या तुमच्या आहेत. त्या रद्दीत घालू नका. आणि पालकहो, निकालाच्या दिवशी लोटलेले दार आधी उघडा. मूल नापास झाले म्हणून शिकणे संपत नाही, ते संपते घरातल्या माणसांनी ‘तुझ्याने काही होणार नाही’ म्हटल्यावर.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपण नवीन असे काय शिकलो? घरातील प्रत्येकाने एक गोष्ट सांगावी.

२. रोजच्या कोणत्या कामाला जोडून आपण वीस मिनिटे काढू शकतो?

३. आपल्या वाडीत, गल्लीत सही करता न येणारे कोणी आहे का? त्यांच्याकडे आपल्यापैकी कोण जाईल?