आधी त्यांना तुझी गरज पडू दे

(हॉटेल मॅनेजमेंट संपवून स्वित्झर्लंडला निघू पाहणाऱ्या भाचीला, सावेडीच्या मामाकडून)

स्वित्झर्लंड, स्वित्झर्लंड असा घोष लावला आहेस, पण तो देश आहे तरी केवढा? आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर म्हण, १७ हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. तो अख्खा देश ४१ हजारांचा. म्हणजे आपले अडीच जिल्हेसुद्धा भरत नाहीत, आणि त्यातही निम्म्याहून जास्त डोंगर. माणसं ९० लाखांच्या आसपास. शेजारी जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया. तिथली पोरं गाडीत बसून येतात आणि कामाला लागतात. मग पाइपलाइन रोडवरच्या पोरीला कुणी आणि कशासाठी बोलवावं? या प्रश्नाला उत्तर असेल तर पुढचं सगळं जमतं. नसेल तर नुसते अर्ज टाकून बोटं दुखतील.

मी टूरवाल्यांच्या स्वयंपाकात उमेदवारी केली. आपल्या लोकांचे ग्रुप युरोपला जातात, त्यांच्या मागे धावणारं किचन असतं आणि त्यात आपल्याकडचे महाराज असतात. त्या नोकरीत पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगतो.

आधी कायदा सांगतो, कारण एजंट तो सांगत नाही. युरोपीय संघ आणि त्याच्याबरोबरचे नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन सोडले की बाकीचं जग त्यांच्या लेखी तिऱ्हाईत. या तिऱ्हाइतांसाठी वर्षाला ८,५०० परवाने: ४,५०० 'बी', म्हणजे राहण्याचे, आणि ४,००० 'एल', म्हणजे थोड्या मुदतीचे. त्यात चीन आला, अमेरिका आली, आपण आलो. संगणकवाले, औषध कंपन्यांचे शास्त्रज्ञ, बँकवाले सगळे त्याच रांगेत. मालकाला दाखवून द्यावं लागतं की जाहिरात केली, पण स्वित्झर्लंडात आणि युरोपात माणूस मिळाला नाही. परवान्याचा अर्ज तूही करायचा नाहीस आणि एजंटानेही नाही. तो मालक करतो, त्याच्या कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, कार्यालयात. असे २६ कँटन आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब थोडा वेगळा. तिथून कागद बर्नला जातो, आणि मंजुरी आली की मगच व्हिसाचं काम.

म्हणून 'आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, तिथे काहीतरी बघू' हे डोक्यातून काढ. तो शेंगेनचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. त्यावर काम करता येत नाही आणि तिथे बसून तो कामाच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. पकडली गेलीस तर पुढचे सगळे व्हिसा अडतात. वेटर, रिसेप्शन, हाउसकीपिंग या कामांना परवाना मिळेल ही आशाही धरू नकोस. त्यासाठी युरोपातली माणसं त्यांना पुरतात.

आता जिथे पुरत नाहीत तिथलं ऐक. हे नीट ऐक, बाकी विसरलीस तरी चालेल.

त्या डोंगरांत दोन हंगाम. बर्फाचा डिसेंबर ते ईस्टर, आणि उन्हाळी जून ते सप्टेंबर. मधल्या काळात, एप्रिल-मेमध्ये, बर्फ विरघळलेला असतो आणि पायवाटा चिखलाच्या असतात. आपल्या महाबळेश्वराला पावसाळ्यात येते तशी मरगळ तिथे तेव्हा येते. बरीच हॉटेलं कुलूप लावतात. आणि नेमकी तेव्हाच आपल्या शाळांना सुट्टी लागते! एंगलबर्ग नावाचं गाव आहे, टिटलिसच्या पायथ्याशी. वर गेलं की शाहरुख-काजोलचा कटआउट, त्याच्याशेजारी फोटो काढायला आपलीच रांग. एप्रिल ते जून त्या गावातल्या काही हॉटेलांचा गल्ला आपल्या ग्रुपवर चालतो. युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर, जिथे १९१२ पासून रेल्वे जाते, तिथे 'बॉलिवूड' नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे. राज कपूरने 'संगम'साठी १९६४ मध्ये तिथले डोंगर पडद्यावर आणले, यश चोप्रांनी तर पिढ्यान्‌पिढ्या वेड्या केल्या. इंटरलाकेनने त्यांचा पुतळाही उभारला आहे. हे सगळं भावनेचं नाही, धंद्याचं आहे. आणि त्या धंद्याला आपली जीभ कळणारा माणूस लागतो.

आपल्या पन्नास माणसांचा ग्रुप म्हणजे काय, हे जर्मन शेफला सांगून समजत नाही. दहा जण जैन, कांदा-लसूण नको, बटाटाही नको. चार जणांची संकष्टी. एका आजींना सकाळी साडेसहाला चहा हवा, आणि तो उकळलेला. गरम पाण्यात बुडवलेली पिशवी नाही. हे वेळेत आणि न चिडता करणारी माणसं तिथल्या मालकाला त्याच्या गावात मिळत नाहीत. आणखी एक तांत्रिक गोष्ट, मुलाखतीत विचारली तर उपयोगी पडेल: युंगफ्राउयोखच्या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा, हरभरा शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर हवाच, आणि भाताला वेळ जास्त. हे ज्याला आधीच ठाऊक आहे तो त्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी हसं करून घेत नाही.

परदेशी पद्धतीच्या खास रेस्टॉरंटला आचारी आणायची वाट त्यांच्या नियमांत आहे. पण तिथे नुसती पदवी चालत नाही. शिक्षण आणि बऱ्याच वर्षांचा अनुभव दोन्ही लागतं, आणि रेस्टॉरंटही खरोखर भारतीय जेवणाचं, नीट चालणारं असावं लागतं. म्हणून तुला माझं सांगणं थोडं कडू आहे: आत्ता जाऊ नकोस. पाच-सात वर्षं इथे चुलीपुढे काढ. पुण्यात, मुंबईत, गोव्यात मोठ्या किचनमध्ये. तंदूर शीख, पोरी तंदूरकडे फिरकत नाहीत, म्हणूनच शीख. दक्षिणेचं शीख, गुजराती शीख. मिसळ आणि शिपी आमटी येते तेवढ्याने भागायचं नाही.

आणि प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवपत्र घे. आपल्याकडे मालकाकडे कागद मागायला माणूस लाजतो, आणि मालकही 'बघू, बघू' करतो. तारखा, हुद्दा, काय शिजवलं, किती माणसांचं, सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. स्विस माणूस कागद वाचतो. तिथे कामाच्या दाखल्याला 'त्सॉयग्निस' म्हणतात आणि तो कामगाराने कधीही मागावा, मालकाने द्यावा, असा कायदाच आहे. अर्जासोबत सगळे दाखले ओळीने लावायची त्यांची रीत आहे. मध्ये वर्षभराचं भगदाड असेल तर ते का, हे विचारतात. आजारी आईला सांभाळलं असेल तर तसं लिही. लपवलंस तर वाईट दिसतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि आपल्या मराठी पोरापोरींनी ती चांगली तुडवली आहे: टूर मॅनेजर. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून, आणि इतरही कंपन्या आहेत. पगार इथला, घर इथलं, पण दर सीझनला तू तिथे. हॉटेलवाले, बसचे ड्रायव्हर, रेस्टॉरंटचे मालक तुला नावाने ओळखू लागतात. पुढे त्यांच्यापैकी कुणाला माणूस हवा झाला तर ओळखीतल्या माणसाला फोन आधी जातो. फक्त एक: ग्रुप सोडून तिथेच राहून जायचं कधी मनातही आणू नकोस. तुझ्या एकटीचं नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांचं दार बंद होतं.

तिसरी वाट पैशाची. लोझानची हॉटेल शाळा १८९३ ची, जगात नावाजलेली. आणखीही खासगी शाळा आहेत. सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप अभ्यासातच असते, आणि सहा महिने झाल्यावर शिकता शिकता आठवड्याला १५ तास काम करता येतं. पण फी एक-दोन लाखांत नाही, कित्येक लाखांत. घरावर कर्ज काढण्याआधी शाळेला लेखी विचार: तुमची पदवी स्वित्झर्लंडात उच्च शिक्षण म्हणून मान्य आहे का? मान्य विद्यापीठाची पदवी असेल तर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. साध्या डिप्लोमावर ती सवलत मिळेलच असं नाही. ब्रोशरवरच्या बर्फाच्या फोटोखाली हे छापलेलं नसतं.

एजंटाविषयी थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेल्यांची यादी आहे. उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. 'परमिट तयार आहे, चार लाख भरा' म्हणणारा भेटला की चहा पिऊन उठ. ऑफर लेटर आलं तर त्या हॉटेलचं नाव 'झेफिक्स' या स्विस सरकारी नोंदवहीत फुकट शोधता येतं. कंपनी सापडली तरी हॉटेलच्या मूळ नंबरवर स्वतः फोन कर. पत्रावरच्या नंबरवर नको.

कागदांत आपल्या जिल्ह्याची एक खास भानगड झाली आहे. २०२४ मध्ये नाव बदललं. तुझ्या जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या सनदेवर अहमदनगर, आणि आता नवीन कागद निघतील त्यावर अहिल्यानगर. परक्या बाबूला ही दोन गावं वाटतील. नामांतराच्या राजपत्राची प्रत इंग्रजी भाषांतरासह फायलीत ठेव. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, वडिलांचं नाव मधे आहे की नाही, हे आत्ताच जुळव. ऐनवेळी पळापळ होते. पदवीवर अपोस्टिलचा शिक्का लागेल. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे, स्वित्झर्लंडही आहे, त्यामुळे तो झाला की वेगळी वकिलातीची साक्ष लागत नाही.

भाषा शीक, आणि जिथे जायचं तिथली शीक. एंगलबर्ग, इंटरलाकेन, त्सेरमाट जर्मन, माँत्रो आणि जिनिव्हा फ्रेंच, लुगानो इटालियन. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन कर, निदान बी-१ पर्यंत. तिथे गेल्यावर लोक आपसात वेगळीच स्विस जर्मन बोलतात आणि पहिले दोन महिने काहीही कळत नाही, त्याने घाबरू नकोस. तुझ्याशी ते पुस्तकी जर्मन बोलतील. दारात शिरताना 'ग्रुएत्सी' म्हणायचं. न म्हणणारा उद्धट ठरतो.

पैशाचं गणित आपल्या रुपयांत करू नकोस, नाहीतर पहिल्या महिन्यात आनंदाने आणि दुसऱ्या महिन्यात दुःखाने झोप लागणार नाही. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय. हॉटेल व्यवसायाच्या तिथल्या सामूहिक करारात अगदी अप्रशिक्षित कामगारालाही महिना साधारण ३,७०० फ्रँक आहेत, पाच आठवडे रजा आहे, तेरावा पगार आहे, आठवड्याचे तास ४२, हंगामी हॉटेलांत थोडे जास्त. ऐकायला भारी. पण कर पगारातूनच कापतात. आरोग्य विमा तीन महिन्यांच्या आत स्वतः काढावा लागतो आणि त्याला महिना तीन-चारशे फ्रँक सहज जातात. खोलीचं, जेवणाचं मालक कापून घेतो. करार सही करण्याआधी विचार: खोली कुणाची, जेवणाचे किती, हंगाम संपल्यावर काय? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मे महिन्यात बॅग घेऊन स्टेशनवर उभे राहतात.

तू मध्ये अँडोराचंही नाव काढलंस. फ्रान्स-स्पेनच्या मधल्या डोंगरातला ४६८ चौरस किलोमीटरचा देश, भाषा कॅटलान, ना विमानतळ ना रेल्वे. म्हणजे फ्रान्स किंवा स्पेनमधूनच आत जायला-यायचं, आणि त्यासाठी शेंगेनचा अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा आधी हवा. बर्फाच्या हंगामात तिथे अर्जेंटिनाची पोरं येतात, कारण त्यांना स्पॅनिश येते. आपल्याला तिथे ना भाषा, ना आपल्या ग्रुपची गर्दी. सोड. परवान्याचंच म्हणशील तर नेपाळला मात्र आपल्याला तो लागत नाही, भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे. त्याच करारामुळे चौकातल्या चायनीजच्या गाडीवर नेपाळी पोरगा बिनकागदाचा उभा राहू शकतो. त्याला कधी विचार, इथवर कसा आलास. गावातला कुणीतरी आधी आलेला असतो, तो सांगतो, मग हा येतो. तुझ्याही बाबतीत तसंच होईल, म्हणून स्वित्झर्लंडच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांशी आधीपासून बोलत राहा. नोकरी द्या म्हणून नको. कुठल्या कँटनचं कार्यालय कसं आहे, कुठला मालक पगार अडकवतो, हे विचारायला.

तुझी वेळ येईल तेव्हा अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच टाक. एप्रिलच्या आपल्या गर्दीसाठी माणसं तेव्हा ठरतात, आणि परवान्याला काही महिने लागतात. मार्चमध्ये अर्ज करणारा पुढच्या वर्षीचा उमेदवार.

आणि आई बॅगेत तूप आणि पेढे कोंबेल, ते घरीच काढून ठेव. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, विमानतळावर टाकून देतात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, काळा मसाला न्यायला हरकत नाही. नीट सीलबंद कर आणि वर इंग्रजीत काय आहे ते लिही. कुकर मात्र चांगला, पाच लिटरचा ने. गॅसकेट दोन जादा ठेव, तिथे ती मिळायला पायपीट करावी लागते.